बिल्डिंगच्या भिंतीवर मोठं ॲबस्ट्रॅक्ट काढायचंय? मग रंगाआधी पाणी बघा

दिवाळी झाली की दरवर्षी तीन-चार जण तरी विचारतातच, आमच्या बिल्डिंगची रस्त्याकडची बाजू मोकळी आहे, तिथं मोठं ॲबस्ट्रॅक्ट काढायचंय, सुरुवात कुठनं करू. आणि सगळे पहिल्यांदा रंगाचंच विचारतात, कुठली कंपनी, कुठली शेड, किती लिटर. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, रंगाचं मागनं बघू, आधी भिंतीत पाणी कुठनं शिरतंय ते शोधा. सांगलीत तर हे पहिल्यांदा सांगावंच लागतं, आपल्याकडं पाणी वरनं पण येतं आणि खालनं पण येतं.

मी हे शिकलो ते नुकसान करून घेऊन. विश्रामबाग भागात एका चार मजली बिल्डिंगवर मी हळदीच्या पिवळ्याचा बारा फुटी गोल काढला होता, त्याच्याभोवती गडद निळे पट्टे, डिसेंबरात काम झालं, लोक थांबून फोटो काढायचे. पुढच्या ऑगस्टमध्ये बघतोय तर गोलाच्या वरच्या कडेला पापडासारखे फोड. एक फोड नखानं फोडला तर आतनं पाणी आलं आणि रंग रबरासारखा हातात सोलून आला, त्याच्यामागं पांढरी खारट पावडर. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो कठड्याच्या मागं पडत होता आणि ते पाणी रोज थोडंथोडं प्लास्टरमध्ये मुरत होतं. मी काम करताना गच्चीवर दहा वेळा गेलो असेन, पण टाकी भरताना एकदाही तिथं उभा राहिलो नव्हतो. तेव्हापासनं भिंत घेतली की पहिल्या दिवशी सकाळी टाकी भरायच्या वेळेला गच्चीवर जायचं आणि पाणी कुठं जातंय ते डोळ्यानं बघायचं, हा नियमच केलाय.

माझ्याबरोबर तेव्हा एक म्हातारे गवंडी होते, त्यांनी ती भिंत बघून एवढंच विचारलं, "हात लावून बघिटला हुतास काय रं आधी?" मी म्हणलं, "काका, कोरडीच दिसत होती." तर म्हणले, "दिसतीया आन् हाय, ह्यात फरक असतोय पोरा. तळवा टेकीव, मोजून शंभर आकडं होऊस्तर टेकीव, गारवा लागला की सोडून दे ती जागा." आता मी तसंच करतो, सकाळी सावलीत, एकाच भिंतीवर दहा-पंधरा ठिकाणी. जिथं तळव्याला जास्त गार लागतं तिथं खडूनं फुली मारतो.

फुली मारलेल्या जागेवर मग प्लास्टिकची टेस्ट. दीड-दोन फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, चारी कडा टेपनं पक्क्या चिकटवायच्या, हवा जायला फट ठेवायची नाही, आणि एक दिवस तसाच सोडायचा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसले किंवा खालचं प्लास्टर काळपट पडलं तर भिंतीत ओल आहे, तिथं कितीही भारी रंग लावला तरी तो सुटणार. ओल कुठनं येते त्याची ठिकाणं ठरलेली असतात, कठड्याच्या वरची भेग, बाथरूमच्या बाजूचे पाइप, खिडकीच्या छज्जाचा सांधा, आणि पावसाचं पाणी खाली सोडणाऱ्या पाइपचं तुटलेलं कोपर. हे सगळं आधी प्लंबर आणि गवंडी लावून दुरुस्त करून घ्या, सोसायटीला स्पष्ट सांगा की हा खर्च चित्राच्या खर्चात धरायचा, नंतर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

गावभागात किंवा नदीच्या बाजूला काम असेल तर अजून एक गोष्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे इथं लहान पोराला पण पाठ असतं, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत परत आलं. पूर ओसरला तरी विटा लगेच वाळत नाहीत, पाणी खालनं वर चढत राहतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि भिंतीच्या तोंडाशी आलं की पाणी उडून जातं, क्षार मागं राहतो, तोच तो खार. ॲक्रेलिक रंगाचा थर त्या पाण्याची वाट अडवतो म्हणून तो फुगतो. म्हणून अशा बिल्डिंगला पूररेषेच्या खालचा पट्टा मी चित्रात धरतच नाही, तिथं साधा चुना किंवा वाफ बाहेर सोडणारा रंग मातकट छटेत लावतो आणि चित्र त्याच्यावरनं सुरू करतो. आणि माती-चुन्याचा जुना वाडा असेल तर माझं प्रामाणिक मत, त्याच्यावर ॲक्रेलिक लावूच नका. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं अजून बघायला मिळतात, ती छपराखाली आहेत, पावसाचा मारा त्यांच्यावर नाही. उघड्या भिंतीवर तेवढं आयुष्य मिळत नाही, पण पाया नीट केला तर पाच-सात वर्षं चित्र तेजात राहतं असा माझा अनुभव आहे.

नवीन प्लास्टर असेल तर घाई अजिबात नको. सिमेंट सुरुवातीला फार अल्कली सोडतं, ते रंगाला खातं, काही निळे तर फिकट पडून मातकट होतात. पाणी मारून झाल्यावर कमीत कमी २८ दिवस, आणि जमलं तर दोन-तीन महिने सोडा, मग अल्कलीला टिकणारा एक्स्टेरियर प्रायमर मारा. जुन्या रंगावर काम असेल तर काळा रुमाल भिंतीवर घासून बघा, पांढरा झाला तर जुना रंग पिठासारखा सुटलाय, तो घासून-धुवून काढल्याशिवाय वरचा धरणार नाही. जुना रंग घट्ट आहे का ते बघायला त्याच्यावर ब्लेडनं बारीक चौकटी कापून त्यावर टेप दाबून झटक्यात ओढायची, चौकटी टेपबरोबर आल्या तर खरडणं आलंच. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून काही तास ठेवायचं, नायलॉन ब्रशनं घासायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं (हातमोजे आणि चष्मा घालूनच), आणि मग दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्यायचे. केसासारख्या भेगा क्रॅक फिलरनं भरतात, रुंद भेग असेल तर ती व्ही आकारात फोडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मसाल्यानं भरायची. पण भेग तिरकी कॉलमपासून खिडकीपर्यंत गेली असेल तर रंगाचं काम थांबवा, आधी इंजिनिअरला दाखवा. पूर्ण भिंतीला पुट्टी मारायच्या भानगडीत मी पडत नाही, बाहेरच्या भिंतीवर जेवढे थर जास्त तेवढ्या सुटायच्या जागा जास्त.

आता चित्राकडं येऊ.

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कशाचंही हुबेहूब चित्र नाही, नुसते आकार आणि रंग, पण म्हणून कसंही रंग फासणं नाही हे सांगायची गरज नसावी, पण मोठ्या भिंतीवर ते जास्तच खरं आहे, कारण कागदावरची गंमत तिथं चालत नाही. कागदावर आपण हातभर अंतरावरनं बघतो, भिंत लोक शंभर फुटांवरनं, गाडीवरनं, दोन-तीन सेकंदात बघतात. शंभर फुटांवरनं दोन इंचाची रेघ दोऱ्यासारखी दिसते. त्यामुळं आकार कमी ठेवा, मोठे ठेवा, आणि गडद-फिकटाचा फरक जोरात ठेवा. हा फरक पुरतोय का ते बघायला मोबाइलवर स्केचचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, सगळं एकसारखं करडं दिसलं तर भिंतीवर पण ते सपाटच दिसणार, रंग कितीही वेगळे असले तरी.

स्केच करायच्या आधी एक पूर्ण दिवस भिंतीसमोर घालवा. सकाळी ऊन कुठनं येतं, दुपारी छज्जाची सावली कुठपर्यंत उतरते, समोरच्या गुलमोहराची सावली हलते ती कुठं हलते, लोक कुठल्या बाजूनं येतात. खिडक्या, पाइप, मीटरचे बॉक्स, एसीचे जाळीदार पिंजरे, हे सगळं स्केचमध्ये पहिल्यांदा काढून घ्या. पुष्कळ जण हे झाकायला बघतात आणि चित्र फसतं. पाइप ही तुम्हाला आयती मिळालेली उभी रेघ आहे, तिच्या दोन्ही बाजूला दोन वेगळे रंग आले की पाइप चित्रात जिरून जातो. खिडक्यांची रांग म्हणजे तालच, तबल्याचा ठेका असतो तसा, त्याच्यावर तुमचा मोठा आकार आडवा गेला की बघायला मजा येते.

आकार कुठनं आणायचे? मी तरी आजूबाजूला बघतो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथं दोन्ही पाणी काही अंतर वेगवेगळ्या रंगाचं दिसतं कधीकधी, त्या दोन रंगांमधली कड मी दोन भिंतींवर वापरली. मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे वाळत टाकलेले असतात, कापलेले, त्यांची गोलाई कंपासच्या गोलापेक्षा कितीतरी जिवंत असते. मार्केट यार्डात हळदीचे ढीग, काळ्या रानातली उसाची सरी. यातलं काही 'ओळखू' येईल असं काढायचं नाही, फक्त कड घ्यायची, वजन घ्यायचं. आणि कुणी विचारलं हे काय आहे तर तुम्हाला काय वाटतं असं त्यालाच विचारा, मला एका भाजीवाल्या मावशींनी निळ्या पट्ट्यांकडं बघून सांगितलं, "पाणी उतरल्यावर रेघ ऱ्हातीया बघ भिताडावर, तसलं वाटतंय," आणि मी ते डोक्यात ठेवून काढलंच नव्हतं.

स्केचचं माप सोपं ठेवा, १ सेंटीमीटर म्हणजे १ फूट. उंची मोजायला गच्चीवरनं दोरीला दगड बांधून सोडायचा आणि दोरी मोजायची. समजा भिंत ४० फूट रुंद, ४५ फूट उंच, म्हणजे १८०० स्क्वेअर फूट. खरबरीत प्लास्टरवर प्रायमर लिटरला साधारण ८० स्क्वेअर फूट धरतो, म्हणजे एका हाताला २२-२३ लिटर. चांगलं एक्स्टेरियर ॲक्रेलिक इमल्शन दोन हातांना लिटरला ५० धरा, म्हणजे एकूण ३६ लिटर. आता स्केचवर बघा कुठला रंग किती जागा घेतोय, निळा जर ४५ टक्के असेल तर ८१० स्क्वेअर फूट, म्हणजे १६ लिटरच्या वर, तिथं १८ मागवा. पिवळा, नारिंगी आणि लाल यांचा हिशेब मात्र वेगळा, हे रंग झाकत नाहीत, तीन-चार हात लागतात. पिवळ्याखाली स्वच्छ पांढरा आणि लालाखाली मध्यम करडा हात मारून घेतला की बराच रंग वाचतो.

शेड निवडताना नुसतं कार्ड बघून भुलू नका. उन्हात टिकणारे रंग म्हणजे आयर्न ऑक्साइडवाले, गेरूचा लाल, पिवडीचा पिवळा, तपकिरी, काळा, आणि फ्थॅलो नावाच्या रंगद्रव्याचा निळा-हिरवा. झगमगीत गुलाबी, जांभळा आणि लिंबू पिवळा बाहेरच्या भिंतीवर लवकर उतरतात. माझा हळदीचा पिवळा म्हणूनच मी पिवडीच्या अंगानं मिसळतो, थोडा मातीकडं झुकलेला, तो उजळ कमी दिसतो पण तिसऱ्या वर्षी पण हळदच दिसतो. मशीनवर शेड काढताना एका रंगाचे सगळे डबे एकाच वेळी काढा आणि घरी आणल्यावर एका मोठ्या पिंपात ओतून एकत्र हलवून परत भरा, दोन डब्यांत उन्नीस-बीस फरक असतोच आणि मोठ्या सपाट जागेवर तो फरक जोडासारखा उठून दिसतो. आणि दोन फुटाचा नमुना भिंतीवरच मारून वाळल्यावर बघा, ॲक्रेलिक ओलं असताना फिकट आणि वाळल्यावर जरा गडद दिसतं.

परवानगी. सोसायटीचा लेखी ठराव घ्या, स्केचची प्रत त्याला जोडलेली. परांची फुटपाथवर किंवा रस्त्यावर येणार असेल तर महापालिकेत अर्ज. आणि बिल्डिंगजवळनं विजेच्या तारा जात असतील तर महावितरणला भेटल्याशिवाय परांचीचा पहिला बांबू पण उभा करू नका. रोलरचा लांब दांडा ॲल्युमिनियमचा असतो, तो हातात घेऊन माणूस रंगात गुंगला की तारेचं भान राहत नाही, मी अशा जागी लाकडीच दांडा वापरतो आणि खाली एक माणूस फक्त तेवढंच बघायला उभा करतो.

परांची बांबूची असो नाहीतर लोखंडी पाइपची, भिंतीपासनं फूट-दीड फूट लांब ठेवा, नाहीतर रोलर फिरत नाही. सेफ्टी बेल्ट पूर्ण अंगाचा, नुसता कमरेचा नको, आणि त्याची दोरी परांचीला नाही तर गच्चीवरच्या कॉलमला बांधायची. परांची कोसळली तर तिलाच बांधलेला माणूस तिच्याबरोबर जाणार, हे मी प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो आणि दुसऱ्या दिवशी परत सांगतो. उंचीवर काम करायची सवय नसेल तर स्वतः चढू नका, डिझाइन तुमचं, रेखाटन तुमचं, वरचं काम अनुभवी पेंटरकडनं करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

स्केच भिंतीवर कसं न्यायचं? सरळ रेघांचं चित्र असेल तर ओळंबा सोडून आणि दोरी मारून (गेरूत घोळवलेली दोरी ताणून झटकायची, रेघ उठते) पाच-पाच फुटाच्या चौकटी. फक्त पिवळ्या जागेखाली गेरूची दोरी मारू नका, गेरू ब्रशमध्ये येतो आणि पिवळा मळका होतो, तिथं पांढऱ्या प्रायमरवर दिसेल एवढीच फिकट निशाणी करा. वळणदार मोकळं चित्र असेल तर मला चौकटींपेक्षा गिचमिडीची पद्धत आवडते. प्रायमरवर पातळ रंगानं कसेही आकडे, अक्षरं, फुल्या, गोल काढायचे, सगळीकडं, कुठलंही दुसऱ्यासारखं नको. खालच्या भागात मी बिल्डिंगमधल्या पोरांना ब्रश देतो, ती त्यांची नावं लिहितात. मग समोरनं सरळ फोटो काढायचा आणि मोबाइलमध्ये त्याच्यावर तुमचं स्केच अर्धं पारदर्शक करून बसवायचं. आता परांचीवर उभं राहिलं की दिसतं, निळ्याची कड सातच्या शेपटीपासनं निघते, 'आर्या'च्या कान्यांतनं जाते आणि फुलीच्या खालनं वळते. भिंतीला नाक लावून उभं असताना चाळीस फुटाची रेघ दुसऱ्या कशानं एवढी नेमकी सापडत नाही.

मोठ्या गोलासाठी मध्ये खिळा आणि सुतळी घेतली तर फसाल, सुतळी ताणली जाते आणि गोल अंड्यासारखा होतो, बांधायची लोखंडी तार घ्या. परांचीचे बांबू मध्ये येतात, मग गोल चार-पाच तुकड्यांत काढावा लागतो, प्रत्येक वेळी तार खिळ्यापासनं ताठ आहे ना हे दुसऱ्यानं बघायचं. लांब वळणासाठी इलेक्ट्रिशियनची पीव्हीसी पट्टी भारी, दोघांनी टोकं धरून वाकवायची, तिसऱ्यानं कडेनं रेघ ओढायची, पट्टी आपोआप गुळगुळीत वळण देते, हातानं काढलेल्या वळणात जो थरथरीतपणा येतो तो येत नाही.

रंगवताना सूर्याच्या मागनं फिरायचं. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर, दक्षिणेच्या भिंतीला थंडीत दिवसभर ऊन असतं तिथं सकाळचा थोडा वेळ आणि संध्याकाळचा थोडा वेळ. तापलेल्या भिंतीवर रोलर फिरवला की रंग लगेच सुकतो, पुढचा पट्टा त्याच्यावर चढतो आणि पट्टे कायमचे दिसतात. नदीकडं थंडीत दव पडतं, म्हणून सकाळी भिंत सुकेपर्यंत थांबा, आणि संध्याकाळी दव पडायच्या आधी दोन-तीन तास थांबवा. सगळ्यात चांगले महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये ऊन पण जास्त आणि वळीव कधी येईल याचा नेम नाही.

वरनं खाली यायचं, फिकट रंग आधी. खरबरीत भिंतीला लांब लवीचा ९ इंची रोलर घ्या. रोलर म्हणजे फक्त रंगाऱ्याचं अवजार असं समजू नका, वासुदेव गायतोंडेंसारख्या चित्रकारानं रोलर आणि नाइफनं एकावर एक थर देत चित्रं केली. एक आकार एका बैठकीत संपवायचा, एक माणूस कड कापत पुढं, दुसरा रोलरनं लगेच मागं, ओली कड सुकू द्यायची नाही. मध्येच थांबावं लागलं तर रंग बदलतो त्या रेघेवर थांबा, आकाराच्या पोटात कधीच नाही. धारदार कडेला मास्किंग टेप लावायची तर टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग एक हात फिरवा, फटीत तोच जाऊन बसतो आणि मग नवीन रंग आत घुसत नाही, टेप रंग जरासा ओला असतानाच काढा. फारच खरबरीत प्लास्टर असेल तर टेप चिकटतच नाही, तिथं दोन इंची तिरका ब्रश आणि स्थिर हात.

दर तासाला खाली उतरून रस्त्यापलीकडं जाऊन बघा. कंटाळा येतो, पाय दुखतात, पण परांचीवरनं बरोबर वाटलेली कड खालनं बघितली की दोन फूट वर घ्यावीशी वाटते आणि ती त्याच दिवशी घ्यायची असते.

ब्रश धुतलेलं पाणी गटारीत ओतू नका, ते शेवटी कृष्णेतच जातं. पिंपात दोन दिवस ठेवलं की रंग खाली बसतो, वरचं नितळ पाणी पहिल्या धुण्याला परत वापरायचं, गाळ वाळवून कचऱ्यात.

वरनं क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा का असं पुष्कळ जण विचारतात. ओलीची थोडीही शंका असलेल्या भिंतीवर मी मारत नाही, आतली वाफ अडकून गडद रंगावर पांढुरके ढग येतात. खालच्या सात फुटांना, जिथं पोस्टर चिकटतात आणि गाड्या टेकतात, तिथं फक्त मारतो.

परांची उतरवताना बांबू बांधलेल्या जागा वरनं खाली येत येत भरून घ्या, एकदा परांची गेली की तिसऱ्या मजल्यावरचा हातभर डाग भरायला परत खर्च. आणि प्रत्येक शेडचा एक-एक लिटर रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, त्यावर शेडचा नंबर, तारीख आणि कुठल्या आकाराला वापरला ते लिहून सोसायटीच्या ऑफिसात सावलीत ठेवा. दोन वर्षांनी कुठं खरचटलं तर नुसता तेवढाच ठिपका मारू नका, भिंतीवरचा रंग तोपर्यंत थोडा उतरलेला असतो आणि ठिपका ठिगळासारखा दिसतो. तो आकार जिथं संपतो त्या कडेपर्यंत पूर्ण रंगवा, आणि रंगवायच्या आधी तिथं तळवा टेकवून बघा.